श्वासासकट

आमच्या माहितीपटांच्या टीममध्ये सगळ्यात जास्त आवाज करणारी व्यक्ती म्हणजे आमची साउंडवाली. शूटिंग सुरू करायच्या आधी ती "गप्प!" म्हणून अशी ओरडते की शेजारच्या बिल्डिंगमधली भांडणंही थांबतात. म्हणून तिचं नाव पडलं गप्पताई. दिग्दर्शिका तिच्याहून वयाने मोठी, पण तीसुद्धा ताईच म्हणते. मी कॅमेरामन. इतकी वर्षं तिच्याशी भांडण्यात घालवल्यावर तिच्याबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका कुणाचाच नाही.

भांडणाचं कारण ठरलेलं. मला उजेडासाठी खिडकी उघडी हवी, तिला रस्ता ऐकू येतो म्हणून बंद. पंखा तर ती लावूच देत नाही. जिंकते नेहमी तीच आणि घामाच्या धारा माझ्या. कुणाच्या घरी गेलो की ती आधी माणसं बघत नाही, फ्रिज बघते. फ्रिज घरघरतो, तो बंद करायचा. एकदा आमच्या विसराळूपणामुळे एका घरचं सगळं दूध नासलं, तेव्हापासून ती फ्रिज बंद केला की स्वतःच्या स्कूटरची किल्ली त्यात ठेवते. निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज आठवतो. मुलाखत संपली की आणखी एक शिक्षा. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि ती त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करणार. पुढे कुणाचा खोकला किंवा अडखळणं काढलं की जी फट पडते ती बुजवायला ही शांतता लागते. माझं पोट नेमकं तेव्हाच गुरगुरतं आणि ती माझ्याकडे असं बघते की वाटतं, आता पोटालाही रजा मागावी लागणार.

हे सगळं तिच्या वडिलांकडून आलं. त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. सभा, लग्नं, शाळेची बक्षिसं, जिथे चार माणसांना ऐकू जायला हवं तिथे हे वायरींची वेटोळी घेऊन हजर. गप्पताईच्या दादाला त्या वायरींचा तिटकारा. ही मात्र फ्रॉक घालायच्या वयापासून बापाच्या मागे माइक पुसत फिरायची. वडील म्हणायचे, "माइकसमोर कुणीही आलं तरी घाबरतंच. आपण त्याची लाज राखायची." माणूस चाचरला तर आवाज खाली, खोकला तर बंद, सावरला की पुन्हा वर. त्यांच्या स्पीकरवर बोलणारा प्रत्येक जण घरी जाताना स्वतःवर खूश असायचा.

आता ते घरीच असतात. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. आमची प्रत्येक फिल्म बाहेर जाण्याआधी गप्पताई त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवते आणि ते काही ना काही खोट काढतातच. "त्या माणसाच्या बोलण्यात मागे खरखर राहिलीय." आजवर एकही फिल्म त्यांच्या हातून बिनबोभाट सुटलेली नाही.

तर, काकूंची फिल्म. स्वयंपाकघरात गुळगुळीत चकचकीत दगडी ओटे असतात ना, ते बनवणारा एक कारखाना होता. दगड कापताना पात्यावर पाणी सोडलं की धूळ खाली बसते. पण पाण्याने काम हळू होतं, चिखल काढत बसावं लागतं. म्हणून तिथे कोरडंच कापायचे. ती धूळ माणसांच्या फुप्फुसात गेली ती गेलीच. काकूंनी तिथे वर्षानुवर्षं पॉलिशचं काम केलं होतं. आता त्यांना चार शब्द बोलले की थांबावं लागे, श्वास ओढावा लागे, मग पुढचे चार. कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं की दम लागतोच. कामगारांनी दाद मागितली तेव्हा एक चौकशी समिती बसली आणि कामगारांच्या वकीलबाईंनी तिच्याकडून आमची फिल्म दाखवायची परवानगी मिळवली. अट एकच होती, अर्ध्या तासाच्या वर जायचं नाही. समितीने हा आजार कामामुळे झाल्याचं मान्य केलं, तरच काकूंना आणि त्यांच्याबरोबरच्यांना उपचार मिळणार होते. नाहीतर वय झालं म्हणून घरी बसा.

आमचा एक नियम आहे. जो फिल्ममध्ये आहे, त्याला ती सगळ्यांच्या आधी दाखवायची, त्याच्याच घरी. तो नको म्हणाला तर ते काढायचं, वाद घालायचा नाही. म्हणून सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही काकूंच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. पलंगावर काकू, त्यांच्या शेजारी सून, खाली आम्ही. फ्रिज अर्थातच बंद.

पडद्यावर काकू बोलायला लागल्या आणि बोलतच राहिल्या. न थांबता, न अडखळता. ही गप्पताईची करामत होती. तिने त्यांचा एकेक ओढलेला श्वास वेचून काढला होता, फटींमध्ये त्याच खोलीची शांतता भरली होती आणि शब्दाला शब्द जोडला होता. जिथे चित्र उडी मारायचं तिथे माझे शॉट टाकले होते, कधी हात, कधी मशीन, कधी उन्हात तरंगणारी धूळ, आणि मध्येमध्ये तेच शॉट नुसत्या संगीतावरही चालत होते. जोड कुठे आहे हे आम्हालाही सापडलं नसतं.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. श्वास घेतला. "किती छान... बोलतेय मी."

"हो ना आई," सून म्हणाली. "अगदी पूर्वीसारख्या."

"अशीच बोलायचे..." पुन्हा श्वास. "भांडायला तर... कुणी यायचं नाही... माझ्या वाटेला."

सगळे हसलो. दिग्दर्शिकेने डोळे पुसले. मी माझ्या धुळीच्या शॉटबद्दल कुणी काही म्हणतंय का याची वाट बघत होतो. तेवढ्यात गप्पताईने हात लांब करून फिल्म थांबवली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू," ती म्हणाली, "कारखान्याचा डॉक्टर काय म्हणाला होता तुम्हाला?"

उत्तर सुनेने दिलं. "म्हणाला, वय झालंय, बाकी काही झालेलं नाही यांना."

"आणि मी तेच सिद्ध करून आणलंय. हे बघून समिती म्हणेल, बाई ठणठणीत आहेत की."

ज्या बाईचा श्वास गेला म्हणून आम्ही फिल्म काढली, तिचाच श्वास आम्ही कचरा समजून फेकून दिला होता. असला गाढवपणा साध्यासुध्या माणसाला जमत नाही, त्याला आमच्यासारखे जाणकारच लागतात.

"मी श्वास परत घालते," गप्पताई म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. एवढा एकच शब्द त्या फार स्पष्ट बोलल्या. मग थांबून, "चार लोकांत... धापा टाकत... बसू का मी? मला... लाज वाटते."

नियम नियमच असतो. नको म्हणजे नको. दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. गप्पताई उठली आणि पलंगापाशी जाऊन काकूंच्या पायाशी बसली. ती इतकं हळू बोलू शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"काकू, ही लाज तुमची नाहीच. ज्यांनी पाण्याचा नळ बंद ठेवला, त्यांची आहे ती. त्यांची लाज तुम्ही का राखताय?"

काकू बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिल्या. सून काही बोलायला गेली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"घाल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हे... पुसू नकोस. नातीला... ठेवायचंय. तिने मला... असं बोलताना... कधी ऐकलंच नाही."

निघताना फ्रिज उघडून किल्ली मीच काढून दिली. गप्पताईला आठवणच नव्हती.

मग खरी लढाई सुरू झाली, आमची आमच्यातच. श्वास परत आले तशा काकू लांबल्या आणि फिल्म अर्ध्या तासाच्या पार बाहेर गेली. दिग्दर्शिका म्हणाली, "थोडे श्वास ठेवू, थोडे काढू." गप्पताई म्हणाली, "कुठले काढू ते तूच सांग. कुठला श्वास त्यांनी उगीच घेतला?" मग आधी संगीत गेलं. नंतर तिने महिनाभर घासूनपुसून लिहिलेलं निवेदन गेलं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने काढलं, हे मी मान्य करतो. शेवटी दोघींनी माझ्याकडे मान वळवली.

"धुळीचा शॉट नाही," मी म्हणालो. "त्यासाठी मी सकाळभर पोटावर पडून होतो."

"मस्त शॉट आहे," गप्पताई म्हणाली. "जाणार."

गेला. माझे हात गेले, मशीन गेलं, सगळं गेलं. राहिल्या काकू, समोर बसलेल्या, बोलणाऱ्या आणि थांबणाऱ्या. गप्पताई एडिटिंगच्या खोलीतून जेवायलाही धड उठली नाही. मीही पंख्याचा विषय काढला नाही.

फिल्म तिने वडिलांच्या कानावर घातली. हेडफोन लावून ते डोळे मिटून बसले. आम्ही दोघं समोर, शाळेत निकाल ऐकायला बसावं तसे. मला खात्री होती की आज ते खरखरीवरून आम्हाला सोलून काढणार. फिल्म संपली. त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली.

"या बाई आता कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"तशाच आहेत, बाबा."

"मग दाखव जाऊन," ते म्हणाले. "तिथल्या स्पीकरवर भरवसा ठेवू नको. आपला ने."

म्हणून सुनावणीच्या खोलीत त्यांचा जुना, कोपरे झिजलेला स्पीकर आम्ही दोघांनी उचलून नेला. लांब टेबलामागे समितीची माणसं, एका बाजूला कारखान्याचे वकील, पहिल्या रांगेत काकू आणि सून. दिवे मालवले. फिल्म सुरू झाली. काकू चार शब्द बोलल्या आणि श्वास ओढला. त्या स्पीकरवर तो पार मागच्या भिंतीपर्यंत पोचला. पुन्हा चार शब्द, पुन्हा श्वास. टेबलामागे खुर्च्या करकरायला लागल्या. एकाने घड्याळ पाहिलं.

"थांबवा जरा," अध्यक्ष म्हणाले. "तो आवाज फार त्रास देतोय. बोलण्याकडे लक्षच लागत नाही. तेवढा काढून दाखवता येणार नाही का?"

गप्पताईने फिल्म थांबवली. पडद्यावर काकू अर्धवट उघड्या तोंडाने स्थिर झाल्या. आवाज मात्र येतच होता, तसाच, ओढल्यासारखा.

"अहो, बंद करा म्हटलं ना," अध्यक्ष म्हणाले.

"बंद केलंय, साहेब," गप्पताई म्हणाली. "हा काकूंचा आहे. त्या तुमच्या समोरच बसल्यात."

कुणीतरी दिवा लावला. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. काकूंनी मान खाली घातली नाही. त्या अध्यक्षांकडे बघत राहिल्या आणि श्वास घेत राहिल्या. गप्पताईला त्या दिवशी कुणालाही गप्प करावं लागलं नाही.

"पुढे लावा," अध्यक्ष म्हणाले. फिल्म शेवटपर्यंत चालली.

समितीने लेखी दिलं की आजार कामामुळेच झाला, आणि पाण्याशिवाय कापायला बंदी घातली. हे नंतर झालं. त्या दिवशी आम्ही फक्त स्पीकर उचलून बाहेर आलो. काकू पायऱ्यांवर दम खात बसल्या होत्या. त्यांनी गप्पताईची ओढणी धरली.

"नातीची... आणलीस का?"

गप्पताईने खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि त्यांच्या मुठीत ठेवला.