काचेच्या पेटीतली कुबडी

हन्नाला धड झोप लागत नाहीये आणि धड जागंही राहवत नाहीये. चैत्रातली दुपार आहे, दार अर्धं लोटलेलं आहे, पंखा कुरकुरतोय आणि ती चटईवर कुशीला वळून, दंडावर डोकं टेकून पडलीय. खरं तर आज आडवं पडायचा दिवस नव्हे. उन्हं उतरली की सरोज यायची आहे, आणि एकटी नाही, तर पास्टर शलमोनच्या मंडळीतून बाहेर पडलेल्या माणसांना घेऊन. त्यांना हन्नाच्या तोंडून एकच उत्तर हवंय. तुझ्या आईचा पाय प्रार्थनेनं बरा झाला होता, हे खरं की खोटं?

एवढंच ना, म्हणाल तुम्ही. पण हे एवढंसं नाही, बाबांनो. शलमोन पहिल्यांदा आला तेव्हा फाटक्या चपला घालून सायकलवरून आला होता आणि चिंचेखाली चार माणसं जमवून भजनं म्हणायचा. आज त्याचं प्रार्थनाघर असं आहे की आवाज पोचायला भोंगे लागतात. आणि तिथं, वेदीशेजारी, काचेच्या पेटीत, वर दिवा लावून एक कुबडी ठेवलीय. ती हन्नाच्या आईची, रिबकाबाईची. रिबका गावोगावच्या मेळाव्यात त्या कुबडीवर लंगडत व्यासपीठावर चढायची, पास्टर तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, ती कुबडी फेकायची, ताठ चालायची आणि साक्ष द्यायची. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. लोक ढसाढसा रडायचे आणि दुसऱ्या रविवारी मुलंबाळं घेऊन यायचे. सगळी मंडळी त्या कुबडीवर उभी राहिलीय.

सरोजचा नवरा देवदान दर रविवारी त्या पेटीसमोर हात जोडून उभा राहायचा. रिबकाबाईंनी कुबडी टाकली, मी सुई टाकतो, म्हणाला, आणि साखरेचं इंजेक्शन बंद करून बसला. त्याला पुरून आल्यापासून सरोज प्रार्थनाघराची पायरी चढलेली नाही.

रिबका तर त्याच्याही आधी गेली. आणि पास्टरनं कालच निरोप धाडलाय की येत्या मेळाव्यात आईची साक्ष लेकीनं द्यायची. इकडे आड, तिकडे विहीर. हन्ना डोळे मिटते. पंख्याची कुरकुर लांब जाते.

"हन्ने, पाय ओढून घे गं. वाटेत पडलीयस."

आई उंबऱ्यात उभी आहे. ज्यात पुरलं तेच पांढरं पातळ नेसलीय, पदर नीट डोक्यावर आहे. हन्नाला नवल वाटत नाही. चहा ठेवायला हवा, एवढंच तिच्या मनात येतं.

आई आत येते. भिंतीला हात लावत, एक पाय ओढत येते.

"आई, तू लंगडतेस?"

"मग काय नाचू?"

"अगं, पण तुझा पाय चांगला होता. घरात सरळ चालायचीस. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायचीस."

"चढायचे की."

"मग?"

"पायाला जे शिकवलं ते पाय विसरत नाही, बाई. तिकडे गेले आणि पहिलं पाऊल टाकलं ते असंच पडलं." आई चुलीपुढे बसते. "साखर कुठं ठेवतेस हल्ली?"

हन्ना साखरेचा डबा काढते. चूल मंडपात आहे. चारी बाजूंनी कनाती आहेत, भोंगे बांधलेत, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा पार शेवटपर्यंत गेल्यात आणि आई व्यासपीठावर बसून फुंकणीनं जाळ करतेय. धूर कुठंच जात नाही.

"आई, एक विचारू? ते खरं होतं का?"

आईची फुंकणी थांबते. "कोण विचारतंय? सरोज? तिला म्हणावं, तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्या दारात माणसं मावत नव्हती. तुझा बाप गेला तेव्हा कोण होतं गं? भावकीतलं काळं कुत्रं फिरकलं नाही. कोण आलं?"

"शलमोन."

"खड्डा कुणी खणला?"

"त्यानंच खणला, आई. मला माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग त्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना चहा कसा पाजतेस?"

हन्नाला आईचा राग येतो आणि आईच्या गळ्यातही पडावंसं वाटतं. तिच्या हातातला डबा गार आणि जड झालाय. बघते तर तो डबा नाही, आईचा पाय आहे, प्लास्टरमधला. तालुक्याचा दवाखाना आहे, खाटांची रांग आहे, फिनेलचा वास येतोय. आई तरुण आहे. डॉक्टर प्लास्टर कापतात आणि म्हणतात, हाड छान जुळलंय बाई, चाला आता. पण आई चालत नाही. ती काठी छातीशी धरून बसते.

"भ्याले होते गं मी," आई खाटेवरून म्हणते. "पाय बरा होता, पण माझा पायावर विश्वास नव्हता. घरी आले ती काठी धरूनच. तू लहान होतीस, घरात दाणा नव्हता. तेव्हा हा शलमोन आला. म्हणाला, रिबकाबाई, काठी ठेवा, माझा हात धरा. प्रार्थना केली आणि मी उठले. खाटेपासून दारापर्यंत चालले. हन्ने, ते खरं होतं. त्या दिवशी देव आपल्या खोलीत होता, हे मी आजही सांगेन."

"आणि नंतर?"

आई पायावरचा प्लास्टरचा चुरा झटकते.

"नंतर पुढच्या गावाला जायचं होतं," ती म्हणते. "बरी झालेली बाई बघायला कोण येतंय? लंगडी बरी होताना बघायची असते लोकांना. पास्टर म्हणाला, जे घडलं तेच परत दाखवायचंय, यात खोटं काय? मलाही पटलं. पण मागच्या लोकांना काठी दिसेना, म्हणून शहरातून कुबडी आणली. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्या गावात लंगडत हिंडायचे, म्हणजे लोकांनी बघितलेलं असायचं. लंगडायला मला कुणी शिकवलं नाही. आपोआप जमलं."

"तुला कधी वाईट नाही वाटलं?"

"लोक रडायचे ना गं. ते रडणं खरं होतं. त्यात माझं खोटं झाकून जायचं."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, असं हन्नाच्या ओठांवर येतं. पण तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज होतो. मंडपच आहे, फक्त खाली कब्रस्तानातली लाल माती आहे आणि खुर्च्यांचे पाय तिच्यात रुतलेत. शेवटच्या रांगेत चष्मा लावलेला एक माणूस उठून उभा राहतो. इस्त्रीचा सदरा आहे, हात जोडलेले आहेत. देवदान.

"सलाम, मावशी," तो मायेनं म्हणतो. "पाय कसा आहे?"

आईचा चेहरा राखेसारखा होतो. "बरा आहे, देवदान."

"प्रभूची स्तुती असो. तुमच्याकडे बघून मला फार धीर आला होता बघा."

तो खाली बसतो, चष्मा पुसतो, परत उठतो. "सलाम, मावशी. पाय कसा आहे?"

"बरा आहे, बाळा."

"प्रभूची स्तुती असो."

तो बसतो आणि परत उठतो. हन्नाला तिथून पळून जावंसं वाटतं. आई तिची पोटरी गच्च धरते, बुडणाऱ्या माणसानं धरावी तशी.

"बघितलंस? रोज विचारतो गं. रोज नव्यानं विचारतो. त्याला काहीच ठाऊक नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हा माझ्या पायाची काळजी करतो!"

"मग सांग त्याला."

"जीभ उचलत नाही. तोंड उघडलं की साक्षच बाहेर पडते. दुसरं बोलायला मी शिकलेच नाही." आईची बोटं आणखी रुततात. "तू त्याच्या बायकोला सांग."

"आई, लोक तुला खोटारडी म्हणतील. तुझ्या थडग्यावर फूल ठेवायला माणूस उरणार नाही."

"नाही तर नाही. मेलेल्या बाईला अब्रू घेऊन काय करायचंय? ती पेटी तिथं आहे तोवर आणखी कुणीतरी येईल, बघेल आणि सुई टाकून देईल. मग तोही इथं येऊन बसेल. खुर्च्या किती मांडल्यात बघ."

हन्ना बघते. रांगांना शेवट नाही.

"आणि पहिल्या दिवसाचं?" ती विचारते. "देव खोलीत होता, ते?"

"तेही सांग. खरं आहे ते." आई मान वर करते. तिचे डोळे भरलेत. "दोन्ही सांग. हन्ने, मला सरळ चालायचंय गं."

"सलाम, मावशी," मागून देवदान म्हणतो.

कडी वाजते आहे.

हन्ना दचकून उठते. पंखा कुरकुरतोय. उन्हं उतरून भिंतीवर गेलीत. चूल नाही, गॅसच आहे, साखरेचा डबा फळीवर जागच्या जागी आहे. ती उठायला जाते तर डावा पाय उचलत नाही. पायाला मुंग्या आल्यात, म्हणते ती स्वतःशी, आणि साडी वर करून पोटरी चोळायला बघते. पोटरीवर बोटांचे लाल वळ उठलेत, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा. ती त्यावर हळूच हात ठेवते. तिथं अजून दुखतंय.

"हन्ना, आहेस का गं घरात?" बाहेरून सरोज हाक मारते.

हन्ना भिंतीला धरून उभी राहते आणि पाय ओढत दाराशी जाते. सरोज उभी आहे, मागे अंगणात चारपाच माणसं घुटमळतायत. सरोज हन्नाच्या पायाकडे बघते आणि तिच्या तोंडून पटकन निघून जातं, "अगं बाई, काय झालं? अगदी तुझ्या आईसारखी चालतेस."

हन्ना चौकट घट्ट धरते.

"माझी आई अशी चालत नव्हती, सरोज," ती म्हणते. "आत या सगळे. सांगते."