कॅरॅव्हॅन काट्यावर घातली तेव्हा

दिवाळी सरली की आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर यायचा, मागे दोन ट्रॉल्या जोडलेला. त्यात आमचं घर चढायचं. पत्र्याची पेटी, गोधड्या, पिठाचा डबा, तवा, एक शेळी, पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर आम्ही. बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यापर्यंत धूळ खात जायचं आणि सहा महिने आईबापांनी ऊस तोडायचा. राहायला कोपी, म्हणजे चटयांची आणि पाचटाची झोपडी. आत वाकून शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. पाणी लांबून डोक्यावर आणायचं. त्या सहा महिन्यांत शाळेचं तर नावच नको.

त्यामुळे आता इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या ऑफिसात कुणी डोळे चमकवत सांगू लागला, की आम्ही सुट्टीत चाकांवरचं घर घेऊन जातो, शेतात उभं करतो, पाणी कॅनने भरून आणतो, किती साधं आणि सुंदर जगणं असतं ते, की मी चहाच्या कपात बघत बसते. हे सगळं दहा वर्षांची व्हायच्या आत माझं करून झालंय. त्याला कुणी हॉलिडे म्हणत नव्हतं.

पाचवीत असताना, हंगाम संपवून परतताना, एका घाटाच्या उतारावर मागची ट्रॉली पुढचीवर चढली, पुढचीने ट्रॅक्टरला ढकललं आणि सगळं आडवं झालं. आईचा डावा पाय फळीखाली सापडला. मुकादम सगळ्यांना सांगत सुटला की ब्रेक फेल झाले. धादांत खोटं. ट्रॉलीला ब्रेक नव्हतेच. फेल व्हायला ते आधी असावे लागतात.

पाय वाचला, पण गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. पुढच्या वर्षी आई तशीच लंगडत ऊस तोडायला गेली, पण मला तिने ट्रॉलीत चढू दिलं नाही. गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवलं. तिथून मी शिकत गेले ते थेट सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत. आमच्या सात पिढ्यांत डिग्री घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. आज कॉव्हेंट्रीत एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेते. लोकांना हा योगायोग वाटतो. मी ठरवून निवडलेलं काम आहे ते.

दोन वर्षांपूर्वी आईचा व्हिसा झाला. फोनवर मी विचारलं, इथे आल्यावर काय बघायचंय? ती म्हणाली, "लई फिरले गं मी. पण जिथं काम नाही अशा गावाला एकदाबी गेले नाही."

बस्स. त्या एका वाक्यावर आमच्या घरात कॅरॅव्हॅन आली, गाडीमागे जोडून ओढायचं तेच ते चाकांवरचं घर. इथल्या गेस्ट हाउसचे जिने अरुंद, बाथटबची कड उंच, आणि आईचा पाय ताठ. कॅरॅव्हॅनमध्ये एक पायरी चढली की बिछाना, शेगडी, संडास सगळं हाताशी. आमच्याच रस्त्यावरच्या एका रिटायर्ड जोडप्याने त्यांची जुनी, नीट ठेवलेली कॅरॅव्हॅन आम्हाला विकली. स्कॉटलंडच्या पार वायव्येच्या समुद्रापर्यंत जायचं ठरलं. राहिली होती फक्त ती ओढणारी गाडी. आमची छोटी गाडी त्या डब्यासमोर खेळण्यातली वाटत होती.

आणि मग आपले लोक मदतीला धावले.

मराठी माणूस परदेशात SUV कशी घेतो, हे मी इतकी वर्षं जवळून बघत आलेय. आधी मराठी मंडळाच्या गणपतीत दुसऱ्याने काय घेतली ते बघतो. मग त्याच्यापेक्षा चार इंच लांब घेतो. छप्पर काचेचं हवं, म्हणजे वर बर्मिंगहॅमचं राखाडी आभाळ दिसतं. सीट गार करणारी हवी, अशा देशात जिथे जूनमध्ये स्वेटर लागतो. पायाने लाथ दाखवली की डिकी उघडली पाहिजे. बॉनेटखाली काय चाललंय हे विचारलं तर म्हणतात, त्याचं सगळं ॲपवर येतं.

आमच्या मंडळात या सगळ्यांचे गुरू म्हणावेत असे एक गृहस्थ होते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वय पन्नास, गाडी बदलण्याची हौस दांडगी; सध्या पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी मोठी हायब्रिड. सगळे त्यांना काका म्हणायचे. माझा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, स्वभावाने भिडस्त. तो त्यांचा सल्ला घ्यायला गेला आणि मीही बरोबर गेले. तासभर ते नवऱ्याशी बोलत होते. माझ्याकडे बघितलं ते फक्त चहा घेताना. मी विचारलं, तुमच्या हायब्रिडची ओढायची मर्यादा किती आहे? ते हसले.

"वहिनी, टेक्निकल आम्ही बघतो. तुम्ही कलर सांगा."

"ब्रेक कोणत्या कलरचे येतात?" मी विचारलं. नवऱ्याने बिस्किटाकडे बघितलं.

शोरूमचा अनुभवही वेगळा नव्हता. सेल्समन पोरगा चुणचुणीत होता. दाराच्या आत निळे-जांभळे दिवे कसे बदलतात हे त्याने पंधरा मिनिटं दाखवलं. आमच्या लेकीने ते दिवे गुलाबी केले आणि जाहीर केलं, "आई, हा गाडी बेस्ट आहे." ती जन्माने इथली. तिच्या मराठीत गाडीही पुरुष असते आणि मंडळातल्या काकांच्या मतेही गाडी पुरुषांचीच. मी सेल्समनला विचारलं की गाडीच्या मागच्या हुकावर कॅरॅव्हॅनच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, किती भार चालतो. तो टॅब्लेट घेऊन आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने मला ब्रोशर दिलं आणि कॉफी विचारली.

नवऱ्याच्या एका मित्राने इलेक्ट्रिक घे म्हणून हट्ट धरला होता. तो स्वतः एकदा कॅरॅव्हॅन घेऊन वेल्सला गेला होता. चार्जिंगच्या प्रत्येक थांब्यावर कॅरॅव्हॅन सोडवून बाजूला उभी करायची, गाडी चार्जरला लावायची, मग परत जोडायची. बायको पावसात छत्री धरून उभी. तरी तो सांगत होता की प्रवास अगदी शांत झाला. शांत झालाच असणार, बायको बोलत नव्हती.

मी मात्र माझ्या पद्धतीने तक्ता केला. कुठल्या गाडीचं स्वतःचं वजन किती, ती किती ओढू शकते, हुकावर किती भार सोसते, आणि पुढची सीट आईला ताठ पाय घेऊन बसता येईल इतकी उंच आणि ऐसपैस आहे का. कॅरॅव्हॅनचं वजन तिच्या दारापाशी पट्टीवर कोरलेलं असतं, ते घेतलं. नेहमीचा नियम असा, की मागचं वजन पुढच्या गाडीच्या वजनापेक्षा बरंच कमी हवं. त्या आकड्यांवर काकांची हायब्रिडसुद्धा जेमतेम बसत होती. नवरा खूश झाला, कारण त्याला तीच हवी होती. तक्ता माझा होता, त्यामुळे मलाही नाही म्हणता येईना.

तेवढ्यात आई आली. तिने ड्राइव्हवेवरची कॅरॅव्हॅन बघितली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. लंगडत एक चक्कर मारली. खाली वाकता येत नाही म्हणून भिंतीला धरून बाजूने डोकावली.

"ह्याला बिरीक हाय का?"

मी सांगितलं, आहे. पुढची गाडी हळू झाली की मागच्या डब्याचा दाब हुकावर येतो आणि त्याच दाबाने याचे ब्रेक लागतात. तिने मान हलवली. मग विचारलं, वजन किती. मी आकडा सांगितला.

"काट्यावर घातलं व्हतं का?"

"पट्टीवर लिहिलंय, आई."

"कारखान्यावरबी पावतीवर लिव्हलेलं असायचं," ती म्हणाली आणि आत गेली.

ज्या बाईने आयुष्यभर वजनकाट्यापाशी उभं राहून आपल्या उसाचं वजन कमी होताना बघितलं, तिच्यासमोर मी, इंजिनिअर, कोरलेली पट्टी दाखवत होते. मला राग आला. तिच्यावर नाही.

प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी एका शनिवारी काकांनी उदारपणे त्यांची हायब्रिड देऊ केली. बघाच जोडून, आजच निर्णय होईल, असं म्हणाले. सायकलींच्या रॅकसाठी बसवलेला हुक होताच तिला. आम्ही कॅरॅव्हॅन प्रवासाला निघाल्यासारखीच भरली. आणि आपण कसे भरतो? स्कॉटलंडमध्ये दुकानं नसतात अशी आपली खात्री असते. तांदळाची गोणी, आशीर्वादासारखं जपून आणलेलं गव्हाचं पीठ, डाळींचे डबे, दोन कुकर, मिक्सर, बिडाचा तवा, पाण्याचे कॅन, शेजारणीने दिलेलं लोणचं काचेच्या बरणीत. हे सगळं नवऱ्याने मागच्या कोपऱ्यात रचलं, कारण तिथे मोठं कपाट होतं आणि पुढे बसायला मोकळं राहत होतं.

आईच्या प्रश्नानंतर आधी काट्यावरच जायचं मी ठरवलं होतं. वजनकाटा शहराबाहेर, खडी विकणाऱ्या एका आवारात होता. काका चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, आम्ही मागे. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. दुपदरी रस्त्याचा लांब उतार लागला आणि कॅरॅव्हॅनने शेपूट हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, मग जरा जास्त डावीकडे. काचेच्या छपरातून छान ऊन येत होतं.

आईने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले.

"ढकलतंय," ती म्हणाली. "मागचं पुढच्याला ढकलतंय."

"वारा आहे हो काकू," काका म्हणाले. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

"वारा न्हाई. मला ठाऊक हाय ते."

मी त्यांना सांगितलं, ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं टेक्निकल ऐकलं. उतार संपेपर्यंत डबा शांत झाला. आईचे हात मात्र काट्यापर्यंत तिथेच होते. ही बाई आता माघारी जाते म्हणाली, तर तिला थांबवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

काट्यावर कॅरॅव्हॅन पट्टीवरच्या कमाल वजनापेक्षा एकशे चाळीस किलो जास्त भरली. काकांची गाडी जेवढं ओढू शकते, त्याच्याही वर. चूक त्या पट्टीची नव्हती. ती सांगत होती की याच्यावर जाऊ नका, आणि आम्ही तिथपर्यंतच आहोत असं मी धरून चालले होते. माझ्या तक्त्यात तांदूळ नव्हता, मिक्सर नव्हता, लोणचं नव्हतं. रोज हजार गोष्टी मोजणाऱ्या माझ्या हातून ही चूक झाली, आणि मी ती तिथेच सगळ्यांसमोर कबूल केली. काकांनी त्यांच्याबद्दल काहीच कबूल केलं नाही. ते म्हणाले की काटा जुना दिसतोय.

परत निघायच्या आधी आईने त्या आवारातच डबा उघडायला लावला. तिने एकच सांगितलं: जड ते चाकांवर आणि नाकाकडं थोडं, शेपटाला काही नाही. उसाच्या मोळ्याही ट्रॉलीत अशाच रचायच्या. अर्धं रेशन आणि सगळं पाणी तिने बाहेर काढायला लावलं. पाणी तिथल्या नाल्यात गेलं आणि रेशन काकांच्या हायब्रिडच्या डिकीत. त्यांनी पायाने लाथ दाखवून डिकी उघडली. तेवढं मात्र मस्त चाललं. येताना त्याच रस्त्याने, निम्म्या वेगाने आलो, आणि डबा मुकाट मागे आला.

दुसऱ्याच आठवड्यात मी गाडी घेतली. वापरलेली, डिझेलची, जड, चौकोनी, मातकट रंगाची. दिवे जांभळे होत नाहीत. छप्पर पत्र्याचं. पण तिचं वजन कॅरॅव्हॅनपेक्षा भरपूर जास्त, आणि पुढची सीट उंच. लेक म्हणाली, "हा गाडी खूप बोअरिंग आहे." नवरा दोन दिवस मोजकं बोलला. मंडळात कुणीतरी म्हणालं, शेतावरची गाडी दिसते. म्हटलं, हो, मी शेतावरचीच आहे, आणि तुमची गाडी कुठली आहे ते एकदा काट्यावर जाऊन बघा.

निघायच्या दिवशी पुन्हा भरून काट्यावर नेली. आईने आकडा मला मोठ्याने वाचायला लावला, पट्टीवरचा वाचायला लावला, मग दोन्ही मनात जुळवले. मगच ती पुढच्या सीटवर चढली. मागे डबा असला की मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या पुढे जायचं नाही, तिसऱ्या लेनमध्ये शिरायचं नाही. चमकणाऱ्या SUV आम्हाला ओलांडून जात होत्या. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या होत्या. हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या पहिल्या मोठ्या उताराला तिने डॅशबोर्डवर हात टेकवले. अर्ध्या उताराला एक हात काढला. तळाशी पोहोचेपर्यंत ती खिडकीतून मेंढ्या मोजत होती.

समुद्राकाठी फोल्डिंग खुर्ची मांडून दिली, तर पहिल्या दिवशी तिने दोनदा उठून भांडी घासायला घेतली. तिसऱ्या दिवशी उठली नाही. नवऱ्याने चहा केला, तो तिने बसल्या जागी घेतला.

बारा दिवसांत आम्ही वर जाऊन सुखरूप परत आलो. डब्याने गाडीला एकदाही ढकललं नाही. माझी आई काम नसलेल्या गावाला जाऊन आली.