उलट्या पिळाची गाठ

तिला सगळे डावरी म्हणत. लहानपणी चिडवायला ठेवलेलं नाव, पुढे तेच मानाचं झालं. जाळं विणावं तर डावरीनंच, हे तलावाकाठचे खडूस म्हातारे होडीवालेसुद्धा कबूल करत. डाव्या हातानं विणल्यामुळे तिच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा, आणि ती गाठ ओल्या दोऱ्यातही सरकत नसे. तशी गाठ बांधणाऱ्या वस्तीत दोघीच, ती आणि तिची मुलगी. मुलगी उजवीच, पण आईचे हात बघत शिकली, त्यामुळे तिचाही पीळ उलटाच.

नवरा गेल्यावर थोरला भाऊ तिच्या पाठीशी उभा राहिला. तो मच्छीमारांच्या सोसायटीचा चेअरमन. शब्दाला वजन असलेला माणूस. डावरीला वाटे, डोक्यावर छप्पर नसलं तरी चालेल, दादा असला म्हणजे झालं.

तलाव आटत नव्हता, पण मासे आटत होते. हे सगळ्यांत आधी डावरीच्या लक्षात आलं, कारण दरवर्षी लोक तिच्याकडे आदल्या वर्षीपेक्षा बारीक डोळ्यांचं जाळं मागत. एकदा सोसायटीच्या बैठकीत ती उठून उभी राहिली. बायका तिथे सहसा बोलत नसत.

"मी विणायला लागले तेव्हा जाळ्याच्या डोळ्यातून माझी तीन बोटं जायची," ती म्हणाली. "आता करंगळी अडकते. तुम्ही मासे धरत नाही, माशांची पोरं धरताय. उद्यापासून तीन बोटांपेक्षा बारीक जाळं मी विणणार नाही. कुणी सोन्यानं मढवलं तरी नाही."

"मग आम्ही खायचं काय, तुझी बोटं?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

दादा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपलं बारीक जाळं धक्क्यावर आणून तिच्या पायाशी टाकलं आणि म्हणाला, "काप." तिनं सगळ्यांदेखत मोठ्या कात्रीनं ते उभं फाडलं. चेअरमननंच जाळं दिल्यावर बाकीच्यांना तोंड राहिलं नाही. महिन्याभरात वस्तीतलं शेवटचं बारीक जाळंही कापलं गेलं आणि सोसायटीच्या वहीत नियम लिहिला गेला.

पुढची दोन वर्षं कठीण गेली. होड्या अर्ध्या रिकाम्या परतत. पाणवठ्यावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलत. एकीनं तर रिकामी टोपली तिच्या दारात उपडी करून दाखवली. डावरीचं कामही मंदावलं, कारण मोठ्या डोळ्यांचं जाळं लवकर फाटत नाही. चूल पेटत राहिली ती मुलीमुळे. मामीनं तिला कपडे शिवायचं काम मिळवून दिलं होतं. जेवण झालं की ती मामाच्या घरी जायची आणि दिवेलागणीला परतायची. पोरीची बोटं सोललेली दिसली की डावरीला भरून यायचं. "माझ्या हट्टापायी लेकरू राबतंय," ती दादाला म्हणायची. दादा म्हणायचा, "दिवस बदलतील. धीर धर."

आणि बदलले. तिसऱ्या वर्षी हातभर लांबीचे मासे आले. शहरातून अधिकारी बघायला आले, त्यांनी फोटो काढले. दादानं भाषण केलं. "ही सगळी माझ्या बहिणीची करणी," तो म्हणाला, तेव्हा डावरीनं पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी वहिनीला ताप भरला. दादा आणि डावरीची मुलगी बाजारात गेले होते. डावरी औषध घेऊन गेली. वहिनी थंडीनं कुडकुडत होती, म्हणून ती घोंगडी आणायला माळ्यावर चढली. घोंगडीमागे वाळत घातलेलं जाळं होतं. अजून दमट. दोऱ्याला नखाएवढे खवले चिकटलेले. तिनं सवयीनं जाळ्याच्या डोळ्यात बोट घातलं. करंगळी अडकली.

दादा कोणाचं तरी पकडलेलं जाळं ठेवून बसला असेल, असं तिच्या मनात आलं. मग तिचा अंगठा गाठीवर गेला. पीळ उलटा होता. क्षणभर तिला वाटलं, हे आपलंच जुनं जाळं. पण दोरा निळा होता, आणि निळा दोरा दुकानात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

ती खाली आली, वहिनीला पांघरूण घातलं, औषध दिलं आणि ओट्यावर दादाची वाट बघत बसली.

दादानं नाकारलं नाही, याचंच तिला जास्त लागलं. चप्पल काढता काढता तो म्हणाला, "माळ्यावर गेलीस वाटतं."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. हे बघ, तुझा नियम चुकीचा नाही. बाकीचे पाळतात म्हणून तलाव भरतोय. एक-दोन होड्यांनी पहाटे थोडं काढलं तर काय बुडतंय?"

"तू माझ्या हातून तुझं जाळं कापून घेतलंस, दादा."

"कापून घेतलं म्हणून तर लोकांनी ऐकलं," तो शांतपणे म्हणाला.

मुलगी दारात उभी होती. हातात भाजीची पिशवी तशीच. "आई, ओरडू नकोस," ती म्हणाली. डावरी ओरडत नव्हती. "दोन वर्षं घर कशावर चाललं असं वाटलं तुला? शिवणावर? या वस्तीत कोण शिवतंय इतके कपडे? मामा म्हणाला, आईला सांगू नकोस, ती उपाशी राहील पण खाणार नाही."

डावरी ओट्यावरून उठली. ती घरी आली आणि कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याकडे बघत बसली. नियम मोडायचा नाही म्हणून ज्या अन्नावर तग धरला, ते अन्नच नियम मोडून आणलेलं होतं.

पुढच्या बैठकीत तिनं निळं जाळं टेबलावर ठेवलं. "हे चेअरमनच्या माळ्यावर मिळालं," ती म्हणाली. "विणलंय माझ्या मुलीनं. त्यावर माझं घर चाललं. मला ठाऊक नव्हतं, पण पोटात गेलं ते गेलं."

गोंधळ होईल, दादावर लोक धावून जातील, याची तिनं तयारी केली होती. तसं काहीच झालं नाही. माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. शेवटी सगळ्यांत म्हातारा होडीवाला खाकरला.

"माझ्याकडेही आहे एक," तो म्हणाला. "आणखी चार-पाच जणांकडे असेल. आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. तुझीच तर गाठ होती."

दादानं दगा दिला, मुलीनं लपवलं, हे तिनं कसंबसं गिळलं होतं. पण तीन वर्षं ही माणसं धक्क्यावर तिला रामराम करताना मनात म्हणत होती की हीसुद्धा आपल्यातलीच. हे तिला गिळता येईना.

तेव्हा टोपली उपडी करणारी बाई उठली. तिच्या घरात बारीक जाळं नव्हतं. दोन वर्षं तिनं खरोखर अर्ध्या पोटी काढली होती. "भावावर विश्वास, बहिणीवर विश्वास, चेअरमनवर विश्वास," ती म्हणाली. "पुरे झाला विश्वास. दर महिन्याला चिठ्ठ्या टाका. ज्या दोघांची नावं निघतील त्यांनी प्रत्येक होडीचं जाळं मोजायचं. चेअरमनचं सगळ्यांत आधी."

तसंच ठरलं. सहा जाळी कापली गेली. दादानं पद सोडलं. तलाव सुधारला, आधीपेक्षा जास्त सुधारला, आणि पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांनीही चिठ्ठ्यांची पद्धत उचलली. डावरीला मोजणीवर देखरेख करायला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "ज्याची चिठ्ठी निघेल तो करेल. माझी निघाली तर मीही येईन."

मुलीशी ती बोलते. दोघी एकाच चटईवर बसून विणतात. पण मुलीनं पुरं केलेलं जाळं ती आता स्वतः मोजून बघते. मुलगी मान खाली घालून पुढचा दोरा सुईत भरते.

दादा मध्ये एकदा वाटेत भेटला. थकलेला वाटला. "कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि त्याला वाट द्यायला बाजूला सरकली.