एकाच शेतातलं आलं

साताऱ्याकडचं आलं दिल्लीच्या मंडईत विकायला मी एकटा आलो आणि स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो. समोरच्याच्या पहिल्या मागणीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. त्याच सवयीने मी पुतणीचं नुकसान केलं.

ती गुरुग्रामला एका प्रयोगशाळेत काम करते. आल्याच्या रसात डोळ्यांना न दिसणारे स्निग्ध कण असतात, त्यांना नॅनोकण म्हणतात, हे तिनेच मला सांगितलं. रस यंत्रात जोरात फिरवून ते वेगळे काढायचे आणि आतडं सुजलेल्या उंदरांना पाजायचे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली असते; ती या कणांनी शांत होते का, हे तिला पाहायचं होतं.

"काका, सहा महिने आलं लागेल. एकाच शेतातलं, न धुतलेलं."

"न धुतलेलं देतो. शेताचं बघू."

"शेत बदललं की कण बदलू शकतात. यात घासाघीस नाही हं."

"बरं बाई, बिल्कुल," मी म्हणालो. मनात मात्र धरलं, सगळे मागतात तशी हिनेही वाढवूनच अट घातलीय, निम्म्यात भागेल. पहिली दोन पोती एका शेतातली गेली. मग तिथल्या उरलेल्या मालाला चांगलं गिऱ्हाईक आलं. तिच्या पोत्यांत मी शेजारच्या शेतांतलं आलं भरलं, दिसायला जास्तच देखणं. सांगितलं नाही.

पहिल्या आल्याने उंदरांची सूज उतरली होती. नंतरच्याने काही होईना. तिने यंत्र तपासलं, स्वतःच्या हातांवर संशय घेतला, शेवटी मला फोन केला.

"काका, शेत तेच आहे ना?"

मी भडकलो. "वीस वर्षं आल्यात काढलीत. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये. विचारतेय."

मी फोन ठेवून दिला. आठवड्याने खरं सांगितलं, तेव्हा ती फक्त "अच्छा" म्हणाली. सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं तिला.

आता ती परक्याकडून आलं घेते. तो म्हणे शेत कोणतं ते लिहून देतो. याचा मला अजून राग येतो. माझ्याकडूनही घ्यायचं होतं लिहून. पण तिने घेतलं नाही, कारण मी काका होतो.

दिवाळीला ती आली. माझ्या हातचा आल्याचा चहा प्यायली, कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. यंदा एका शेतातलं सगळं आलं मी न काढता जमिनीतच राखून ठेवलंय. दोनदा चांगला भाव आला, दिलं नाही. हे तिला कसं कळवायचं, ते मला समजत नाही. कुणी न मागता काही देण्याची मला सवय नाही.