उतू न गेलेला फेस

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये विचारायला नको — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजूनही 'आहे' असं म्हणवत नाही. बरीच वर्षं मी कराडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरी करते. बीकरमध्ये रंग बदलला तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर कुणीतरी बाटली नीट धुतलेली नसते. इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात नापास करते. आज माझी पाळी आहे. करा नापास, माझी हरकत नाही.

आम्ही विद्यानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो — मी आणि माझा नवरा संदीप. हॉलमध्ये सोफ्यासमोर, जिथं लोकांचा टीव्ही असतो, तिथं माझी चार फुटी माशांची टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. नारिंगी-पांढऱ्या क्लाऊनफिशची एक जोडी, चार-पाच इतर मासे आणि थोडे कोरल. "दोन नद्या दाराशी असून हिला समुद्र पाहिजे," असं माझ्या सासूबाई येईल त्याला सांगतात.

या टाकीखाली कपाट आहे आणि कपाटात आणखी एक छोटी टाकी — तिला संप म्हणतात. संपमध्ये प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र असतं. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, बुडबुड्यांना माशांची घाण चिकटते, फेस होऊन वर चढतो आणि वरच्या कपात साठतो. काम चोख करतं, पण स्वभाव दुधासारखा. पाठ फिरवली की उतू. लाईट जाऊन आली की संपमधलं पाणी वाढलेलं असतं, म्हणून उतू. कोरल चिकटवायची पुट्टी वापरली, माशांना औषध घातलं, की उतू. कप भरला की ते घाणेरडं खारं पाणी कपाटात, तिथून फरशीवर. त्यात माझा शहाणपणा असा, की सगळे प्लग जोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड मी त्याच कपाटाच्या तळाला ठेवला होता. संदीप दर रविवारी म्हणायचा, "तो बोर्ड वर टांग." मी दर रविवारी म्हणायचे, "टांगते."

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. शिराळ्याजवळच्या आमच्या गावात, आणि आसपासच्या दहा-बारा गावांत, गुळव्या म्हणून त्यांचं नाव होतं. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना त्याच्यापाशी उभा राहणारा, रसावर चढलेली घाण, म्हणजे मळी, कधी काढायची, गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. दृष्टी गेली तसं त्यांचं गुऱ्हाळ सुटलं. सव्वा वर्षापूर्वी, मार्गशीर्षात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना कराडला आणलं. येताना त्यांनी घाण्याच्या शेंगतेलाची बाटली आणली होती, कारण आमचं रिफाइंड त्यांना "पान्यागत" लागायचं.

डोळ्यावर काळा चष्मा, टीव्ही बंद, वाचायचं नाही. मग दिवसभर करायचं काय? पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल ओढलं आणि टाकीपाशी बसले. स्किमर काय करतो ते मी सांगितलं. ऐकून हसले.

"म्हंजी मळी काढायची मशीन हाय की ही."

मला तेव्हा ते फारसं आवडलं नाही. इतक्या महागड्या यंत्राला मळीची मशीन…

तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते आणि आप्पांनी हाक मारली, "ताई, आवाज बदालला बघ. येतंय वर." जाऊन पाहिलं तर कपात फेस चढायला नुकती सुरुवात झाली होती. मी व्हॉल्व्ह कमी केला. दोन दिवसांनी तेच, आणि पुन्हा एकदा तेच. ते कपाटाच्या दाराला कान लावून बसायचे. डोक्याला भरपूर तेल, त्यामुळे पांढऱ्या सनमायकावर रोज एक गोल तेलकट डाग. रोज संध्याकाळी मी तो पुसायचे आणि पुसताना कुरकुरायचे.

"आप्पा, तुम्हाला कळतं कसं?"

"गुळव्याचं निम्मं काम कानानं चालतं. वाफंनं डोळं तवा बी आंधळंच आसायचं. रस वर यायच्या आदी बोलतो. पैला पातळ बोलतो, मग जाड बोलाय लागतो. जाड बोलला की थेंबभर त्याल सोडायचं. बसतोय गपगार."

एका रविवारी दुपारी लाईट जाऊन आली. मी मिक्सर लावला होता. आप्पांनी दोन-तीनदा हाक मारली असणार, मला ऐकू गेली नाही. मी बाहेर आले तेव्हा कपाटाचं दार उघडं होतं, कपाचं झाकण काढलेलं होतं, शेजारी शेंगतेलाची वाटी, आणि आप्पांचं तेलात बुडवलेलं बोट फेसात. फेस खरोखर खाली बसला होता. पण मला दिसलं ते फक्त तेल. पाण्यावर तरंगणाऱ्या त्याच्या चकत्या.

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात एक शब्दही कमी करायचा मला हक्क नाही. "आप्पा, हे तुमचं गुऱ्हाळ नाही. तेलानं मासे मरतील माझे. कळत नाही तिथं कशाला लुडबुड करायची? माझ्या घरात पुन्हा ह्याला हात लावायचा नाही."

आप्पांनी बोट धोतराला पुसलं. "न्हाई लावत, ताई," म्हणाले.

एकही मासा मेला नाही.

आणि आप्पा शब्दाचे फार पक्के. दोन दिवसांनी स्किमर पुन्हा उतू गेला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. "ताई… ताई…" अशा हाका ऐकून आत आले तर पाणी कपाटाबाहेर आलेलं आणि आप्पा सोफ्यावर, दोन्ही हात काखेत घट्ट घालून बसलेले. पाणी त्यांच्या पायापर्यंत आलं होतं. पाय वर घेतले होते, पण हात काखेतून काढले नव्हते. त्याच आठवड्यात गावी गेले. फोनवर रोज विचारायचे, "समुद्र बरा हाय न्हवं?" मी म्हणायचे, "बरा आहे," आणि विषय बदलायचे.

पुढं महिन्याभरानं आमच्या मत्स्यप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, स्किमर आवरत नाही, काय करू? एका जुन्याजाणत्या माणसानं उत्तर दिलं — तेलकट बोट क्षणभर बुडवा, फेस बसेल, त्रास काही होत नाही. मी ते चारदा वाचलं. तेलानं फेस मोडतो, हे केमिस्ट्रीवालीला दुसऱ्यानं सांगावं लागलं. कानशिलं तापली माझी. तेव्हाच आप्पांना फोन करायला हवा होता. पण फोनवर काय सांगायचं, शिमग्याला गावी गेलो की समोर बसून सांगू, असं म्हणून मी ते ढकललं. खरं तर चुकलं म्हणायला जीभ उचलत नव्हती. शिमग्याच्या आठ दिवस आधी आप्पा गेले. बसल्या जागी, एका मिनिटात.

ते मनात काय घेऊन गेले, एवढंच मला पुढं वर्षभर कळत नव्हतं.

आता मूळ गोष्ट. यंदाच्या फाल्गुनात आप्पांचं वर्षश्राद्ध होतं. आदल्या संध्याकाळी एक कोरल सुटून पडला म्हणून तो मी पुट्टीनं चिकटवला आणि नियमाप्रमाणे स्किमर बंद केला — पुट्टीनंतर निदान दिवसभर तो बंदच ठेवायचा असतो. टाकी आणि कपाट स्वच्छ पुसून काढलं. सकाळी वडे तळले, डबे भरले, आणि निघताना सवयीनं हात बटणांवरून फिरला. टाकीची लाईट चालू. स्किमर चालू.

हे मला आठवलं गावी, जेवणाच्या पंगतीत, हातात वडा असताना. म्हणजे चार तास उलटून गेले होते. पुट्टीवर स्किमर अर्ध्या-पाऊण तासात पिसाळतो. आणि खाली तो बोर्ड. वडा पानात ठेवला. घराची दुसरी किल्ली शेजारच्या मगदूमकाकूंकडे असते. त्यांना फोन लावला.

"अगं, मी सांगलीला लेकीकडं आलीया कालच. किल्ली हितंच हाय माझ्या पर्समदी. काय झालं?"

निदान मेन स्विच तरी पाडायला सांगावं, तर खालच्या मजल्यावरचे फोन उचलेनात. बिल्डिंगला वॉचमन नाही. आम्ही तसेच पंगतीतून उठलो, हात धुतले आणि निघालो. वाटेत संदीप एकदाही बोर्डाबद्दल बोलला नाही, याचे त्याला मी जन्मभर मार्क देईन.

दार उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. फरशी कोरडी. कपाट उघडलं — तळ कोरडा, बोर्ड कोरडा, स्किमर चालू. फेस कपाच्या गळ्याशी शहाण्यासारखा बसलेला. कप मात्र काठाखाली बोटभर अंतरापर्यंत काळ्या पाण्यानं भरलेला, आणि झाकणाची आतली बाजू फेसानं ओली. म्हणजे फेस पार झाकणाला टेकला होता, आणि तिथून खाली बसला होता.

मी खाली वाकले. संपच्या पाण्यावर तेलाच्या बारीक चकत्या तरंगत होत्या. वास आला… घाण्याच्या शेंगतेलाचा. आप्पांची बाटली ते जाताना परत घेऊन गेले होते. तेव्हापासून आमच्या घरात शेंगतेल नाही.

उठताना दाराच्या बाहेरच्या बाजूला हात लागला. बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आदल्या संध्याकाळी पुसलेल्या पांढऱ्या सनमायकावर, गोल तेलकट डाग होता.

मी संदीपला बोलावलं. त्यानं वास घेतला, डाग पाहिला. मग म्हणाला, "सकाळी तू वडे तळत होतीस. तुझाच हात लागला असेल."

हे मीही धरून चालले होते. पण बघा — माझ्या हाताचं तेल सकाळीच पाण्यात गेलं असतं, तर फेस मुळात वर चढलाच नसता. तो चढला, झाकणाला टेकला आणि मग कुणीतरी मोडला, हा क्रम कपात स्पष्ट दिसत होता. शिवाय तळण रिफाइंडमधलं होतं. लाईट गेली असेल? शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारलं, दिवसभर गेली नव्हती. स्किमर आपोआप शांत झाला असेल? ते तपासायला पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी तेवढीच पुट्टी पुन्हा लावली, रविवारी सकाळी बोर्ड वर टांगला, खाली घमेलं ठेवलं, स्किमर सुरू केला आणि समोर बसून राहिले. पाऊण तासात स्किमर उतू गेला आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही. घमेलं दोनदा ओतावं लागलं.

ग्रुपवर फोटो टाकून फक्त एवढंच विचारलं, असं कशानं होईल? त्या जुन्याजाणत्या माणसाचं उत्तर दोन मिनिटांत आलं — कुणीतरी तेलाचं बोट लावलेलं दिसतंय, घरात विचारा.

घरात कुणाला विचारू?

तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा. मी टाकीची एक वही ठेवते, त्यात दर वेळी स्किमर का उतू गेला ते लिहिलेलं असतं. त्या तारखेसमोर मी अजून काही लिहू शकलेले नाही. मला फक्त एक माणूस माहीत आहे — दिलेल्या शब्दासाठी, पायापर्यंत पाणी आलं तरी हात काखेत घालून बसणारा. असा माणूस आपला शब्द मोडून आला असेल, तर तो माझ्यावर रुसलेला नव्हता. हे स्पष्टीकरण नाही, मला ठाऊक आहे. लॅबमध्ये कुणी असं लिहून दिलं असतं तर मी वही परत केली असती.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संदीप आंघोळीला गेला होता. मी बुटकं स्टूल ओढलं, कपाटाच्या दाराशी बसले आणि वर्षभर अडलेलं ते बोलले. "आप्पा, माझं चुकलं. लावत जावा हात."