शामलाच्या हातावरचं दही

समईच्या वाती वळायला बसले होते. दुधाचं बोट लावून अर्धा कापूस वळून झाला होता, अर्धा मांडीवर होता, तेवढ्यात शामला दुकानातून आली आणि दारातच चपला काढता काढता म्हणाली, "वहिनी, मी नाव देऊन आले."

"कशात?"

"ट्रायथलॉनमध्ये. लांबवाली."

मला वाटलं, एखादं शिबिर असेल. म्हटलं, "किती दिवसांचं आहे?"

"दिवसांचं नाही हो, एकाच दिवसाचं. आधी धरणात पोहायचं, दोन किलोमीटरच्या आसपास. बाहेर आलं की ओल्या अंगानं सायकल, नव्वद किलोमीटर. आणि सायकल ठेवली की एकवीस किलोमीटर पळायचं. मध्ये थांबायचं नाही. सकाळी सातला सुरू, दुपारी साडेतीनच्या आत संपवायचं."

उरलेला कापूस त्या दिवशी तसाच डब्यात गेला.

शामला माझी धाकटी नणंद. वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही, आमच्यातच राहते. इथे ग्वाल्हेरच्या नया बाजारात चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर तपासणारे साहेब वेगळे, पण काच बसवून फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसेपर्यंतचं सगळं हिच्याकडे. लोक दुकानाचं नाव विसरतात आणि "शामलादीदी आहेत का?" असं विचारत येतात.

घरात मात्र तिची ख्याती वेगळी. एल.एल.बी.ची दोन वर्षं केली, तिसरं राहिलं. सतार शिकली, ती आता खोळ घालून कपाटावर आहे. माझ्यासाठी शिवायला घेतलेल्या ब्लाउजला एकच बाही लागली. साखरपुडा झाला, पुढचं तिनंच मोडलं, आणि ते बरंच केलं असं मला अजून वाटतं. पण माझे सासरे, नाना, त्यांनी या सगळ्याला मिळून एकच शब्द ठेवला होता : अर्धवट. रागावून नाही म्हणायचे. चहा मागावा तसं म्हणायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा.

नाना, म्हणजे पांडुरंगराव, रेल्वेत गार्ड होते. ग्वाल्हेरच्या छोट्या लाईनवर आयुष्य गेलं. ती गाडी इतकी हळू की लोक चालत्या गाडीतून उतरून शेतातले हरभरे उपटायचे आणि पुन्हा चढायचे, असं ते स्वतःच सांगतात. वय आता एकोणऐंशी. कान तिखट, जीभ त्याहून.

जेवताना शामलानं त्यांना सांगितलं. त्यांनी घास थांबवला.

"काय म्हणतात याला?"

"हाफ म्हणतात, नाना. पुरी असते ती याच्या दुप्पट."

"हाफ! म्हणजे नावातच अर्धं. तुझ्यासाठीच काढलेली दिसतेय."

आमचे हे, म्हणजे रमाकांत, हसले. शामलाही हसली, पण तिचं ताट त्या दिवशी लवकर उचललं गेलं. मी भांडी आवरत होते तेव्हा ओट्याशी येऊन म्हणाली, "वहिनी, मला नंबरबिंबर नकोय. सगळ्यात शेवटी आले तरी चालेल. फक्त ही एक गोष्ट शेवटापर्यंत न्यायचीय. एकदा तरी."

मग सात-आठ महिने घराचं घड्याळच बदललं. पहाटे उठून तरणतलाव, तिथून येऊन दुकान. रविवारी सायकल काढून किला गेटपर्यंत आणि पुढे शहराबाहेर. कुत्री मागे लागायची म्हणून खिशात बिस्किटं ठेवायची. पुढे पुढे तीच कुत्री तिची वाट बघत बसायला लागली. माझ्याकडे शेंगदाण्याच्या लाडवांचं काम आलं. पहिले लाडू उन्हात वितळून तिच्या पाठीच्या खिशाला चिकटले, तेव्हापासून गूळ कडक पाकाचा. देवापुढे बसले की मी वेळबिळ मागितली नाही. म्हटलं, बाबा रे, ती पाण्यातून सुखरूप बाहेर येऊ दे, पुढचं तिचं ती बघेल.

नानांना भीती पाण्याचीच होती. पण भीती वाटते असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी शामला सायकल आणि बॅग घेऊन निघाली. सायकल आधीच जमा करावी लागते, म्हणून रात्री तिकडेच राहायचं होतं. ती नमस्काराला वाकली तेव्हा नाना म्हणाले, "सतार अर्धी टाकली, ती कपाटावर ठेवता आली. पाण्यात अर्धं टाकशील तर कोण काढणार तुला?"

शामला सरळ उभी राहिली. "नाना, आज तरी नको होतं हे."

"खरं तेच बोललो."

"ठीक आहे," म्हणाली, आणि गेली.

आमच्या घरी कुणीही कामाला बाहेर निघालं, परीक्षा असो, प्रवास असो, की नाना त्याच्या उजव्या हातावर दही-साखर ठेवतात. "हात कर," म्हणतात, आणि हात होतो. त्यांच्या आईपासून हे चालत आलंय. मी लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा माहेरी निघाले, तेव्हा माझ्याही हातावर ठेवलं होतं. त्या दुपारी फ्रीजमधून काढलेली दह्याची वाटी तशीच टेबलावर राहिली. मी ती परत आत ठेवली. नाना आपल्या खोलीत पेपर उघडून बसले होते. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पूजा करत होते तर मागे नाना. अंघोळ झालेली, बंद गळ्याचा कोट, टोपी, हातात काठी. "दही गोड आहे का आंबलंय?"

"गोड आहे."

"मग डबीत घे. साखर वेगळी घे, नाहीतर पाणी सुटेल. रमाकांतला म्हणावं गाडी काढ."

शिवपुरीच्या रस्त्याच्या बाजूला शहराबाहेर धरण आहे, तिथे पोचेपर्यंत पोहणं संपलं होतं. तिथल्या एका स्वयंसेवक मुलाला तिचं नाव सांगून विचारलं, तो हातातल्या फोनमध्ये बघून म्हणाला, "हाँ आंटी, आपकी मॅडम पानी से निकल गईं. साइकिल पे हैं." मी तिथेच हात जोडले. नानांनी टोपी काढून पुन्हा घातली.

सायकलच्या तीन फेऱ्या होत्या. दोन्हीकडे मोहरीची शेतं, पिवळीधमक, आणि समोरून वारा. एका गावाशी रस्ता वळत होता, तिथे सगळे वेग कमी करत होते. ह्यांनी गाडी तिथेच लावली. पोरंसोरं सपासप जात होती. बऱ्याच वेळानं शामला दिसली. चेहरा लाल, ओठ कोरडे, पण पाय चालू होते.

"आली," मी म्हटलं, आणि बाजूला बघते तो नाना काठी गाडीतच ठेवून रस्त्यात उतरलेले. एका हातात डबी, दुसऱ्या हाताच्या बोटांवर दही.

"शामला, हात कर!"

मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून सांगू शकते. तिनं काही विचार केला नाही. ब्रेक लागला, एक पाय खाली टेकला आणि उजवा हात पुढे आला. लहानपणापासून येतोय तसाच. नानांनी दही-साखर ठेवली, तिनं हात तोंडाला लावला, गिळलं. आणि गिळल्यावर तिचे डोळे मोठे झाले.

"नाना! काय केलंत हे!"

तेवढ्यात शिट्टी वाजली. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून पिवळं जाकीट घातलेली एक मुलगी उतरली. गळ्यातल्या पट्टीवर नाव, तन्वी.

"मॅडम, बाहर से कुछ भी लेना मना है. कल मीटिंग में बताया था न?"

"बताया था," शामला म्हणाली.

नाना पुढे झाले. "बेटा, ये खाना थोड़ी है. दही है."

"अंकलजी, दही खाना ही होता है."

"शगुन का है!"

"शगुन घर पे देते हैं न, अंकलजी. यहाँ तो पूरा बाहर भी कर सकते हैं." तिनं कुणाला तरी फोन लावला, दोन शब्द बोलली आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "पाँच मिनट. आगे टेंट में रुकना पड़ेगा."

"गलती मेरी है. तो मुझे खड़ा करो पाँच मिनट," नाना म्हणाले.

"आप रेस में नहीं हैं, अंकलजी."

शामलानं वाद घातला नाही. नानांकडे एकदा बघितलं. "घरी का नाही दिलंत?" एवढंच म्हणाली आणि गेली. पुढच्या तंबूशी ती सायकल धरून उभी होती, ते आम्हाला लांबून दिसत होतं. बाकीचे तिच्या शेजारून निघून जात होते.

नाना गाडीत बसले ते डबी मांडीवर घेऊन. "माझ्यामुळे राहणार आता," म्हणाले. हे म्हणाले, "नाना, पाच मिनिटं काय असतात!" नाना म्हणाले, "गार्डाला विचार."

सायकल वेळेत ठेवून झाली, कशीबशी. मग पळायचं. धरणाच्या बांधावरून जायचं आणि यायचं, पुन्हा जायचं. आम्ही बांधाच्या खाली झाडाशी उभे राहिलो. नाना रस्त्यापासून चांगले दहा हात मागे, काठी झाडाला टेकवून, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून. कुणी बघितलं तर पुन्हा काही द्यायला आलेत असं वाटू नये म्हणून. ओरडतही नव्हते. मी म्हटलं, "नाना, नाव घेऊन हाक मारली तर चालते." तर म्हणाले, "आधी त्या मुलीला विचारून ये."

विचारून आले. हाक चालते म्हणाली. पण तोवर शामला पुढे गेली होती.

शेवटच्या फेरीला ती आली तेव्हा पळत नव्हती, चालत होती. डाव्या पोटरीत गोळा आला होता, पाय ओढत होती. लांब तिकडे भोंगा वाजला. साडेतीन झाले. तिचं अजून दीड-दोन किलोमीटर बाकी होतं.

मागून गाडी आली, राहिलेल्यांना उचलणारी. पुढे तन्वी बसली होती. गाडी शामलाच्या शेजारी हळू झाली, मागचं दार उघडलं. आम्ही तिथून वीस-पंचवीस पावलांवर असू.

"मॅडम, टाइम हो गया. बैठ जाइए. बहुत अच्छा किया आपने."

शामलानं दारावर हात ठेवला. आत सीट होती, सावली होती, थंड पाण्याच्या बाटल्या दिसत होत्या. ती वाकली. मला वाटलं, बसली. पण नाही. ती खाली वाकून पोटरी चोळत होती. चोळून झाल्यावर उठली आणि दार तिनंच लावलं.

"आप लोग चलिए. मैं आती हूँ."

"लेकिन मॅडम, रिज़ल्ट में नहीं आएगा आपका नाम."

"न आए. रास्ता तो वहीं तक है न?"

नाना मागून बोलले. त्या दह्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं. "बेटी, उसको जाने दो. मैं गार्ड था. गाड़ी लेट होती है तो बीच जंगल में थोड़ी छोड़ देते हैं. स्टेशन तक ले जाते हैं."

तन्वीनं ड्रायव्हरकडे बघितलं. मग हसली. "ठीक है. हम पीछे-पीछे चलते हैं. और अंकलजी, टाइम ख़तम, तो अब वो नियम भी ख़तम. अब आप जो चाहें दे सकते हैं."

नानांनी कोटाच्या खिशातून डबी काढून उघडली. दही उन्हानं पाणी झालं होतं. त्यांनी ती मिटून माझ्याकडे दिली आणि शामलाच्या शेजारी चालायला लागले. काठी टेकत. हे म्हणाले, "अहो नाना, तुम्ही कुठे!" पण त्यांनी ऐकलं नाही. मागे मी, माझ्या मागे ती गाडी. थोडं अंतर गेल्यावर शामला म्हणाली, "नाना, जरा हळू चला. मला दम लागतोय." आणि दोघंही हसायला लागली, चालता चालता, तिचा पाय ओढतोय, त्यांची काठी खडीत अडकतेय.

शेवटची फुगवायची कमान होती तिची हवा सोडत होते, ती एका बाजूला कलली होती. खुर्च्या उचलणारी पोरं हातातल्या खुर्च्या तशाच धरून थांबली. शामला कमानीखालून वाकून पलीकडे गेली आणि तिथेच मटकन बसली. पदक नाही, नाव पुकारणं नाही. तन्वीनं टाळ्या वाजवल्या, मग त्या पोरांनीही.

नाना काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. "झालं?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं, नाना."

त्यांनी मान हलवली. टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ऊन येत होतं तिथे धरून उभे राहिले.

परतताना गाडीत तिनं पुऱ्या खाल्ल्या, बटाट्याची भाजी खाल्ली, उरलेले लाडू खाल्ले. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती पाच मिनिटं नसती तर..."

"नसती तरी राहिलेच असते मी, नाना. दह्याची पाच धरा. बाकीची वाऱ्याची आणि माझ्या पोटरीची. सायकलवर मी आणखी जोर लावायला हवा होता. मागच्या टायरमध्ये हवा टिकतच नव्हती."

"पुढच्या वेळेला घरी देईन. निघतानाच."

ह्यांनी आरशातून बघितलं. "पुढच्या वेळेला?"

शामला झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. ओठ मात्र हसत होते.

हे लिहितेय तोवर दोन दिवस झाले. ती जिना अजून उलटी उतरते, कठडा धरून, पण कामावर जाते. काल शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय मग, जिंकली का शामला?" मी उत्तर देणार तोच नाना आतून म्हणाले, "पूर्ण केली तिनं." काकूंना काही कळलं नाही. मी देवापुढे दिवा लावायला गेले. उजेडात डोळे जरा चुरचुरले, तेवढंच.

आज संध्याकाळी दुकान सुटलं की शामला सायकलचा मागचा टायर बदलायला दाल बाजाराजवळच्या मिस्त्रीकडे जाणार आहे.