भोकं बुजवायची नाहीत

मेजर हे गल्लीनं ठेवलेलं नाव. सैन्यात तो साधा ड्रायव्हर होता, पण राग मात्र सेनापतीचा, कायम नाकाच्या शेंड्यावर. घाटातल्या एका हल्ल्यात त्याच्या ट्रकमधले सगळे सोबती मारले गेले. शेजारच्या सीटवरचा तर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. मेजरला साधं खरचटलंही नाही, आणि तेच त्याला आयुष्यभर खुपलं.

पुढं धाकट्या भावाबरोबर त्यानं गॅरेज काढलं. जुन्या लष्करी गाड्या दुरुस्त करून उभ्या करायच्या, हा धंदा. एकदा भंगाराच्या लिलावात नेमका तोच ट्रक समोर आला. मेजरनं तो घरी आणला. इंजिन खोललं, ब्रेक नवे घातले, पण शेजारच्या दरवाजावरच्या गोळ्यांच्या भोकांना कुणाला हात लावू देईना.

"भोकं बुजवायची नाहीत. ती माझ्या माणसांची आहेत."

आता ज्याची गाडी त्याची मर्जी, आपण कोण बोलणार? पण ट्रक दारात आल्यापासून मेजर झोपेतून किंचाळत उठायचा आणि हाताला लागेल त्याचा गळा आवळायचा. हाताला कोण लागणार? बायकोच. सकाळी त्याला काही आठवायचं नाही, आणि तीही सांगायची नाही. ती गळ्याला रुमाल बांधायची, मेजरला वाटायचं सर्दी झालीये.

एकदा तो रुमाल सरकला, धाकट्यानं खालचे वळ बघितले आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं सरळ वेल्डिंग मशीन लावलं आणि पहिलं भोक बुजवलं. मेजर आला, दरवाजा बघितला आणि त्यानं भावाच्या डाव्या हातावर हातोडा हाणला. बोटांचा पार चेंदामेंदा झाला, रक्त दरवाजावर उडालं. दुसरा घाव डोक्यातच बसायचा, तेवढ्यात बायको मध्ये पडली. तिनं रुमाल सोडला. गळा काळानिळा पडला होता, त्यावर मेजरचीच बोटं उमटलेली.

"मेलेल्यांची भोकं जपताय ना? जपा," ती म्हणाली. "मग मलाही त्यांच्यातच धरा. फार दिवस नाही लागायचे."

मेजरच्या हातातला हातोडा गळून पडला.

भावाला दवाखान्यात त्यानंच नेलं. प्लास्टर घालून परत आले, तसा मेजर ट्रकमध्ये चढून मांडीवर गेलेल्या त्या सोबत्याच्या सीटवर बसला. गोळ्यांनी पत्रा आत वळलेला होता. भोकं नीट बुजवायची तर आधी तो सपाट करायला हवा, म्हणजे आतून ठोकायचं आणि बाहेरून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. एकट्याचं कामच नव्हे ते. धाकटा बाहेर उभा राहिला आणि उजव्या हातानं त्यानं ठोकळा भोकावर टेकवला.

मेजरचा हात उचलेना. "पलीकडं तुझा हात आहे रे," तो म्हणाला.

"एकच उरलाय. नीट मार, दादा."

मेजर ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्यानं पहिला घाव घातला.